सोलापूरहून मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की सोलापुरात ‘मालवणला चाललोय, काय काय बघू?’ हा प्रश्न सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत थांबत नाही. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांची खोली बुक झालेली असते, गाडी ठरलेली असते, फक्त ओहोटी किती वाजता आहे हे कुणी पाहिलेलं नसतं. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. खाली जे लिहिलंय ते वाळूत बसून सूर्यास्त बघणाऱ्यांसाठी फारसं नाही. खडकांवर उतरून तिथं काय राहतं ते बघायचं असेल, त्यांच्यासाठी आहे.

मालवणला अभयारण्य आहे? आम्ही तर किल्ला आणि तारकर्लीच ऐकलंय.

आहे. तुम्ही होडीनं किल्ल्यावर जाता तेव्हा त्याच्या ऐन गाभ्यातच असता. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभा. सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचा पद्मगड आणि त्यांच्या आजूबाजूचे खडक या गाभ्यात येतात. बाकीचा बराचसा भाग पाण्याखाली असल्यामुळे येणाऱ्याला अभयारण्यात आल्याची जाणीवच होत नाही.

आपल्याला अभयारण्य म्हटलं की नान्नजचं माळरान आठवतं. तिथं दुर्बीण लावून लांबवर काळवीट शोधायचे, माळढोकाची आशा धरायची. मालवणात वाकून आपल्या पायापुढच्या हातभर खड्ड्यात बघावं लागतं. सवय व्हायला थोडा वेळ लागतो, विशेषतः मोठ्यांना. मुलांना लागत नाही.

तिकीट कुठं काढायचं? गेट किती वाजता उघडतं?

किनाऱ्याला गेट नाही. किल्ल्यावर जायला मालवणच्या धक्क्यावरून होडी मिळते, तिचे पैसे वेगळे. खडकांवर चालायला तिकीट नाही, पण म्हणून नियम नाहीत असं समजू नका. ते पुढे येतीलच.

कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. समुद्र शांत असतो, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, ऊन सोसवतं. सोलापूरकरांसाठी मला जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपल्यानंतरचे दिवस सगळ्यात सोयीचे वाटतात. नाताळची गर्दी ओसरलेली असते आणि शाळांच्या परीक्षा अजून लांब असतात.

मे महिन्यात इथल्या उन्हाला कंटाळून लोक तिकडं पळतात. मालवणात पारा आपल्यापेक्षा कमी असतो हे खरं, पण दमट हवेत घाम काही वाळत नाही. शिवाय महिन्याच्या शेवटी समुद्राचं लक्षण बदलतं आणि त्याच सुमारास किल्ल्याच्या होड्या, स्कूबा, स्नॉर्केलिंग सगळं बंद होतं, ते पावसाळा सरेपर्यंत.

पावसाळ्यात नुसतं किनाऱ्यावर उभं राहून बघितलं तर?

रस्त्यावरून, कठड्याच्या आतून, खुशाल बघा. खडकावर पाय ठेवायचा नाही. जून-जुलैतली लाट पाच वेळा तुमच्या अलीकडं फुटते आणि सहाव्यांदा तुम्हाला घेऊन जाते.

भरती-ओहोटीचं गणित आम्हाला कसं कळणार? आमच्याकडं समुद्र कुठाय?

समुद्र नसला तरी पंचांग आहे. दाते पंचांग आपल्याच गावचं, आणि ‘कालनिर्णय’ सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, तेव्हा दोन्ही गावांची सोय झालेली आहे.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या आसपास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना तोच हिशेब, प्रतिपदेपासून पुन्हा एक. दर दिवशी वेळ पाऊण तास पुढं सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा येतो.

आता वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती मागं जाणार. पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून भरती मोठी आणि ओहोटीही खोल. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात येते, भरती-ओहोटी दोन्ही बेताची. ही भांगाची भरती. खडक बघायचे तर उधाणाचे दिवस हवेत. ज्या खडकांवर एरवी गळाभर पाणी असतं, ते त्या दिवसांत तासाभरासाठी उघडे पडतात.

म्हणून माझा सल्ला असा: पौर्णिमा किंवा अमावस्येला तिथं पोहोचायचं आणि तृतीयेपर्यंत राहायचं. पहिल्या दिवशी ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला मिळते. द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसात ते साडेआठ. उन्हं कोवळी असतात आणि पाण्यावर चमक नसल्यामुळं तळ स्वच्छ दिसतो. अष्टमीला गेलात तर ऐन दुपारी बारा वाजता अर्धवट ओहोटी, वर ऊन, खाली फक्त कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. मग ‘मालवणात काही नव्हतं’ म्हणत परत याल.

पाऊणपटीच्या हिशेबात तासभर इकडंतिकडं होतं. तारीख ठरवायला तो पुरे. निघायच्या आधी मोबाईलवर मालवणचे भरतीचे तक्ते बघा. आणि तिथं पोहोचल्यावर एखाद्या मच्छीमाराला ‘सुकती किती वाजता?’ असं विचारा. ओहोटीला तिकडं सुकती म्हणतात, आणि त्या शब्दानं विचारलंत की उत्तरही नीट मिळतं.

खडकांवर नेमकं जायचं कधी आणि परतायचं कधी?

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी उतरायचं, पाण्यामागोमाग पुढं सरकायचं आणि पाणी वळलं की मागं फिरायचं. भरती समोरून चाल करून येते असं नवख्यांना वाटतं. ती बाजूच्या घळीतून गुपचूप येते आणि तुम्ही ज्या उंच खडकावर उभे असता त्याच्या मागची वाट आधी बुडवते. किनाऱ्यावरून कुणी ‘जाव नको, भरती लागली’ असं ओरडलं, तर फोटो अर्धा राहिला तरी चालेल, पण ऐका.

खडकांवर दिसतं तरी काय?

मालवणच्या किनाऱ्यावरच्या रॉक गार्डनच्या खाली किंवा मोरयाच्या धोंड्याच्या बाजूला उतरलात तर वरपासून खालपर्यंत बिऱ्हाडांचे पट्टे लागलेले दिसतील. कोण किती वेळ पाण्याबाहेर तगू शकतो, त्यावर हे पट्टे ठरतात.

अगदी वर, जिथं फक्त लाटांचे तुषार पोहोचतात, तिथं मटाराच्या दाण्याएवढ्या गोगलगायी भेगांमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या असतात. त्यांच्याखाली खरखरीत पांढुरके सुळके दिसतात, मध्ये भोक असलेले. लोक त्यांना दगडाचाच भाग समजून त्यावर पाय देतात. ते बार्नाकल. खेकडा-कोळंबीच्या जातीतला हा जीव लहानपणी पोहत येतो, डोक्याच्या बाजूनं खडकाला कायमचा चिकटतो, भोवती चुन्याचं घर बांधतो आणि पुढं आयुष्यभर पायांनी अन्न ओढून खातो. पाण्याखाली असलेला बार्नाकल मिनिटभर न हलता बघा. वरची झडप उघडते, पिसासारखे पाय बाहेर येतात, पाण्यात एक फटका मारतात आणि आत जातात. पुन्हा येतात. सावली पडली की झडप बंद, म्हणून सूर्याकडं पाठ करून वाकू नका.

मधल्या पट्ट्यात कालवं. शिंपल्याची एक बाजू खडकाला जोडलेली, दुसरीची कड ब्लेडसारखी. स्थानिक बायका कोयत्यानं ती फोडून काढतात आणि ते काम बघत राहावं असं असतं, पण त्यांची वेळ ओहोटीपुरतीच असते, तेव्हा मध्ये उभं राहून प्रश्नांची सरबत्ती करू नये.

सगळ्यात खाली, उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडणारा भाग. इथं वेळ घालवा. सोनेरी-तपकिरी सरगॅसम शेवाळ, ज्याच्या फांद्यांना हवेचे बारीक फुगे असतात. समुद्रफुलं, म्हणजे ॲनिमोन, बोट दाखवलं तरी मिटतात असं वाटावं इतकी सावध. स्पंज, ठिसूळ हातांचे ब्रिटल स्टार, नशीब असेल तर खडकाचा रंग घेऊन बसलेला ऑक्टोपस. आणि प्रवाळ. किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात प्रवाळांच्या कितीतरी जाती आहेत. अंदमान-लक्षद्वीपच्या फोटोंसारखे झगमगीत रंग मनात धरून जाऊ नका. इथलं प्रवाळ बहुतेक करड्या-तपकिरी-हिरवट रंगाचं असतं, कारण त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ त्या रंगाचं. ते शेवाळ उन्हातून अन्न बनवतं आणि त्यावर प्रवाळ जगतं. पांढरं फटक प्रवाळ दिसलं तर ते आजारी आहे किंवा मेलंय.

हे सगळं बघायला पद्धत एकच: एक डबकं निवडा, उकिडवे बसा आणि पाच मिनिटं गप्प राहा. पहिल्या मिनिटाला डबकं रिकामं असतं. दुसऱ्या मिनिटाला एक शंख चालायला लागतो, म्हणजे आत शंख पांघरलेला खेकडा असतो. चौथ्या मिनिटाला तळाची वाळू वाटत होती ती गोबी मासा निघते.

पायात काय घालायचं?

मागं पट्टा असलेली, तळव्याला खाचा असलेली रबरी सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. साधी स्लीपर नको, अनवाणी तर अजिबात नको. शेवाळलेला खडक म्हणजे तेल सांडलेली फरशी, आणि पडलात तर खाली कालवं आहेत. पँट गुडघ्याच्या खाली असलेली बरी.

आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर आहेत. जमेल का?

मुलं जमवतात. एका मोठ्या माणसामागं दोनच मुलं आणि मोठ्या माणसाच्या हातात मोबाईल नाही, एवढी अट पाळा. आजी-आजोबांना ओल्या खडकांवर उतरवू नका. रॉक गार्डनच्या वरच्या बाजूनं बरंच दिसतं, बसायला जागा आहे, आणि चिवला किनाऱ्यावर सकाळी रापण ओढत असतील तर त्यांना तेच जास्त आवडतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं लांबलचक जाळं. जाळं वर आलं की त्यात काय काय येतं ते बघताना आजोबांचं गुडघेदुखीवरचं बोलणं आपोआप थांबतं.

सोलापूरहून जायचं कसं?

अंतर पावणेचारशे ते चारशे किलोमीटर, वाटेवर अवलंबून. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर इथपर्यंत हमरस्ता आहे. पुढं सह्याद्री उतरायचा. गगनबावड्याहून करूळ घाटानं वैभववाडीकडं, किंवा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटानं कणकवलीकडं. घाटांत दरडी आणि दुरुस्तीमुळं वाहतूक बंद राहते, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. मध्ये चहा-जेवण धरून नऊ-दहा तास लागतात. रात्री घाट उतरण्याचा हट्ट नको. पहाटे चारला निघा, जेवायला कोल्हापूरच्या पुढं.

रेल्वेनं सरळ सोय नाही. सोलापूरहून मिरज किंवा कोल्हापूरपर्यंत गाडी मिळते, आणि कोल्हापुरात रूळ संपतात. पुढं एसटी. कोकण रेल्वेचं मालवणला जवळचं मोठं स्टेशन कुडाळ, पण आपल्याला त्याचा उपयोग मोठा वळसा घालून गेलं तरच.

एका दिवसात होईल का?

नाही. दोन मुक्काम तरी हवेत, म्हणजे दोन ओहोट्या हातात राहतात.

किल्ल्यावर गेलं की खडक आणि जीव वेगळे बघायची गरज आहे का?

किल्ला तर बघाच. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं, तीनेक वर्षांत ४८ एकरांवर किल्ला उभा राहिला. शिवराजेश्वराचं मंदिर, दूधबाव, साखरबाव, दहीबाव या खाऱ्या समुद्रातल्या गोड्या विहिरी, महाराजांच्या हातापायाचे ठसे, हे सगळं गाईड दाखवतो. गाईड जे दाखवत नाही ते होडीतून उतरताना स्वतः बघा: तटाचा तळ. भरतीची रेघ जिथंपर्यंत येते तिथंपर्यंत बार्नाकल आणि कालवं, वर एकदम कोरडा चिरा. साडेतीनशे वर्षांत या जीवांनी दगड कोणी रचला याची फिकीर केलेली नाही.

होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात. तटावरून चालायचं असेल तर आधीच जास्त वेळ मागून घ्या.

डॉल्फिन नक्की दिसतात का?

‘नक्की’ असं जो सांगेल त्याच्या होडीत बसू नका. तारकर्ली-देवबागच्या समोर हंपबॅक जातीचे डॉल्फिन असतात, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच ते राहतात, म्हणून सकाळी लवकर गेलं तर दिसायची शक्यता बरी असते. ते उड्या मारून दाखवत नाहीत. पाठ वर येते, दिसते, जाते.

त्रास असा होतो की एक पाठ दिसली की पाच होड्या चारी बाजूंनी इंजिन रेटत तिथं धावतात. तुमच्या होडीवाल्याला आधीच सांगा, ‘दादा, लांब थांबवा, इंजिन हळू ठेवा, आम्हाला पाठलाग नको.’ त्याचं डिझेलही वाचतं. गिऱ्हाईकच ‘जवळ घ्या, जवळ घ्या’ म्हणून ओरडतं म्हणून तो धावत असतो.

पक्षी कोणते? आम्ही उजनीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातो.

मग तुमचा डोळा तयार आहे. उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात दिसणारे कुरव (गल) आणि सुरय (टर्न) इथं धक्क्यावर, होड्यांवर, मासे उतरवताना माणसांच्या पायात दिसतील. खडकांवर समुद्री बगळा शोधा. एकाच जातीत कुणी पाटीसारखा काळा-राखाडी, कुणी पांढरा. ओहोटीच्या डबक्यांत तो पंख अर्धवट पसरून धावत मासे हुसकतो. किल्ल्याच्या किंवा सुरूच्या उंच झाडांवर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसला तर दिवस कारणी लागला. ब्राह्मणी घारी मात्र मोजायच्या बाहेर.

वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात बर्न्ट आयलंड नावाचे खडक आहेत. त्यांच्या गुहांत भारतीय पाकोळ्या थुंकीनं घरटी बांधतात. त्या घरट्यांची परदेशात विक्रीसाठी चोरी होत आली आहे, म्हणून ‘तिथं नेतो’ म्हणणारा भेटला तरी जाऊ नका.

कासवं?

ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान वाळूच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला रात्री येतात, खडकांवर नाही. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी आणि ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं. वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी, देवगडकडचं तांबळडेग अशा गावांत स्थानिक लोक घरटी राखतात. फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं समुद्रात जाताना बघता येतात, पण ती तुमच्या सुट्टीचं वेळापत्रक बघून फुटत नाहीत. गावात आधी फोन करून विचारा. पिल्लू हातात घेऊन फोटो हा प्रकार तिथं चालत नाही आणि चालूही नये.

मुलांनी चार शंख-शिंपले आणले तर काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या पिशवीत बहुतेक वेळा शंख आधीच असतात.

एक तर अभयारण्यातून काही उचलून नेण्यावर कायद्यानं बंधन आहे. दुसरं, रिकामा शंख रिकामा नसतो. वर सांगितलेला खेकडा अंगानं वाढला की त्याला मोठा शंख लागतो, आणि तो किनाऱ्यावर पडलेल्यांतूनच निवडतो. मोठे, सुबक, न फुटलेले शंख आपण उचलतो, त्यालाही नेमके तेच हवे असतात. तिसरं, काही शंखांत जिवंत शंकूगोगलगाय असते. ती विषारी दात मारते. नक्षीदार, शंकूच्या आकाराचा शंख हातात घेऊच नका.

आता प्रवाळाबद्दल. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या बरोबरीनं जागा आहे. तुटलेला, किनाऱ्यावर पडलेला तुकडा असला तरी तो घरी नेणं गुन्हा ठरतो. शिक्षा किमान तीन वर्षं, ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि दंड किमान २५ हजार रुपये.

यात्रेत, देवळांबाहेरच्या टपऱ्यांवर आणि आता मोबाईलवरही ‘इंद्रजाल’ म्हणून एक काळी, जाळीदार, वाळलेल्या झुडपासारखी वस्तू फ्रेम करून विकतात. नजर लागू नये, धंद्यात बरकत यावी म्हणून दुकानाच्या गल्ल्यामागं टांगतात. ती वनस्पती नाही. तो समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ आहे, म्हणजे खडकावरून खरवडून काढलेली प्राण्यांची वसाहत, आणि ती बाळगणं बेकायदेशीर आहे. सोलापुरातल्या चांगल्या शिकलेल्या घरांत मी ती पाहिली आहे. सांगितलं की लोक आधी हसतात, मग ‘पण भटजींनी दिलंय’ म्हणतात.

स्नॉर्केलिंग आणि स्कूबामुळं प्रवाळाला त्रास होतो का?

तुम्ही कसे वागता त्यावर आहे. होडीचा नांगर प्रवाळावर पडला, नवख्या माणसानं त्यावर पाय टेकवला, मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकला, की त्रास होतो. प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते सेंटिमीटर वाढतं, आपला एक पाय कितीतरी वर्षांची वाढ मोडतो. स्नॉर्केलिंगला पाण्यावर आडवं राहायचं, उभं राहायचा मोह टाळायचा. ‘पाव टाकू नका’ असं चालकाला आधी सांगा.

स्कूबा शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, प्रशिक्षण केंद्र आहे. पोहता येत नसेल तरी प्रशिक्षकाबरोबर उतरता येतं, पण दमा, हृदयविकार, कानाचा त्रास असेल तर लपवू नका.

लाइफ जॅकेट बांधून मगच होडीत पाय. मे २०२२ मध्ये तारकर्लीसमोर पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरत असतील तर पैसे गेले तरी उतरा.

काही चावलं, टोचलं, कापलं तर?

कालवांनी कापणं सगळ्यात नेहमीचं. जखम स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं भरपूर धुवा, आत कवचाचा तुकडा राहिला नाही ना ते बघा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. समुद्राच्या पाण्यातल्या जखमा चिघळतात, ‘सोलापूरला जाऊन बघू’ म्हणू नका.

जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा. गोडं पाणी ओतलं किंवा वाळूनं चोळलं की उरलेल्या डंखपेशी फुटतात आणि आग वाढते. पाकट माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना कमी होते, आणि दवाखाना गाठा. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालावं, म्हणजे पाकट आधीच निसटतो.

समुद्रसाप जाळ्यांत येतात. कधी किनाऱ्यावर निपचित पडलेला दिसतो. तो मेलाय की नाही हे तपासायचं काम आपलं नाही. त्याचं विष जहाल असतं आणि आपल्याकडं नेहमी मिळणारी सर्पदंशाची लस त्यावर चालत नाही. दंश झालाच तर हालचाल न करता थेट रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. जखमी कासव किंवा किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन दिसला तर त्याला पाण्यात ढकलू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

तिथले मच्छीमार अभयारण्याच्या विरोधात आहेत असं ऐकलंय. मग आम्ही कुणाची बाजू घ्यायची?

पाहुण्यानं बाजू घ्यायची गरज नाही, पण गोष्ट माहीत असावी. अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून पारंपरिक मच्छीमारांना भीती राहिली की उद्या आपल्याच दारातली मासेमारी बंद होईल. छोट्या होडीवाल्याला आणि रापणवाल्याला लांब समुद्रात जाणं परवडत नाही, त्याचं पोट या उथळ पाण्यावरच आहे. दुसरीकडं मोठ्या यांत्रिक बोटींनी जवळचा मासा ओरबाडला तर नुकसान त्याचंच होतं, आणि त्याविरुद्ध मालवणचे हेच मच्छीमार रस्त्यावर उतरलेले आहेत. म्हणजे समुद्र राखायला त्यांची ना नाही. राखताना आपल्याला बाहेर काढू नका, एवढंच ते म्हणतात. मला यात वावगं दिसत नाही. नान्नजच्या अभयारण्याची हद्द ८,४९६ वरून १,२२२ चौरस किलोमीटरवर आली त्यामागं काय काय वाद होते ते आठवणाऱ्या सोलापूरकराला हे समजायला जड जाऊ नये.

ड्रोन उडवू का?

नको. किल्ला संरक्षित स्मारक आहे, किनारा संवेदनशील आहे, परवानग्या लागतात. आणि समुद्री गरुड ड्रोनवर झडप घालतो ते वेगळंच.

आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचे हाल होतील का?

होणार नाहीत. घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, सगळीकडं मिळतं. आधल्या दिवशी सांगितलं तर घरगुती खानावळीत मावशी वेगळी भांडी काढतात. पहिल्या दिवसाच्या प्रवासाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्याच, वाटेत कुठंही थांबून खाता येते. खडकांवर मात्र डबा उघडू नका. कावळे आणि कुत्री येतात, कागद उडतो, आणि शेंगाचटणीची पुडी डबक्यात पडली की तेलाचा तवंग त्या डबक्यातल्या सगळ्यांना पुरतो.

मासे खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. एवढंच, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात ‘ताजी सुरमई’ म्हणून पुढं आली तर कधी पकडली ते विचारा.

सध्या जाणं जमत नाही. सोलापुरात राहून तयारी काय करता येईल?

रविवारी सकाळी हिप्परग्याच्या तलावावर जा. पाण्याच्या कडेला दगड उलटा, खालचे जीव बघा, आणि दगड होता तसाच पुन्हा ठेवा. ही शेवटची सवय लागली की मालवणात निम्मं काम होतं, कारण तिथं उलटा राहिलेला दगड खालच्या बिऱ्हाडाला दोन तासांत उन्हानं मारतो. हिवाळ्यात उजनीला जाऊन कुरव आणि सुरय यांतला फरक डोळ्यांत बसवा. मुलांना मात्र एक गोष्ट नकाशावर दाखवा: आपल्या भीमा-सीनेचं पाणी मालवणच्या समुद्रात जात नाही. ते कृष्णेतून पार आंध्रात, बंगालच्या उपसागराला मिळतं. त्यामुळं मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेली प्लॅस्टिकची बाटली सोलापूरची असेल तर ती नदीनं आलेली नाही, गाडीनं आलेली आहे.

येताना काय आणावं?

मालवणी खाजा, कोकम, आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस. आगळ घाटात हिंदकळते आणि डाग कपड्यांतून जात नाही, तेव्हा बाटलीचं झाकण मेणबत्तीनं बंद करून घ्या आणि ती चादरीच्या घडीत ठेवू नका.